तटस्थ देशातील युद्ध : पहिले महायुद्ध आणि दक्षिण इराणमधील भटक्या जमातींचा उठाव

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• पहिल्या महायुद्धापूर्वी इराणवर असलेल्या परकीय प्रभावाचे स्वरूप सांगता येईल.
• दक्षिण इराणमधील भटक्या जमातींची रचना व त्यांचे अर्थकारण विशद करता येईल.
• १९१५ व १९१८ या वर्षांतील उठावांची कारणे स्पष्ट करता येतील.
• ‘अशांतता’, ‘बंडाळी’, ‘लूटमार’ अशा शब्दांमागे दडलेला दृष्टिकोन ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

युद्धात नसलेल्या देशातही युद्ध होऊ शकते. १ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले. तरीही पुढील चार वर्षांत रशियन, तुर्की आणि ब्रिटिश अशा तीन सैन्यांनी त्याच्या भूमीवर लढाया केल्या. त्याच काळात दक्षिणेकडील फार्स प्रांतात आणि पर्शियन आखाताच्या किनाऱ्यावर भटक्या जमातींनी व स्थानिक खानांनी शस्त्रे उचलली. तत्कालीन ब्रिटिश कागदपत्रांत या घटनांना ‘टोळ्यांची अशांतता’ असे सरसकट नाव दिलेले आढळते. ही अशांतता नेमकी कशातून निर्माण झाली, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

त्या काळात बाहेरचे लोक या देशाला ‘पर्शिया’ म्हणत. परकीयांनी ‘इराण’ हेच नाव वापरावे, अशी विनंती तेथील सरकारने १९३५ मध्ये केली. प्रस्तुत घटकात सर्वत्र ‘इराण’ हेच नाव योजिले आहे. मात्र तत्कालीन संस्थांची नावे होती तशीच ठेवली आहेत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नावापुरते स्वातंत्र्य

इराण ही कधीच कोणाची वसाहत नव्हती. तेथे काजार घराण्याचा शाह होता आणि १९०६ च्या घटनात्मक चळवळीतून निर्माण झालेली मजलिस, म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा, होती. परंतु सत्तेची साधने मात्र परक्यांच्या हाती गेली होती. शाहाच्या कोसॅक ब्रिगेडचे अधिकारी रशियन होते. चलनी नोटा काढण्याचा अधिकार इंपीरियल बँक ऑफ पर्शिया या ब्रिटिश बँकेकडे होता. जकात खाते बेल्जियन अधिकारी चालवीत आणि जकातीचे उत्पन्न परकीय कर्जापोटी गहाण पडले होते.

३१ ऑगस्ट १९०७ रोजी ब्रिटन व रशिया यांनी करार करून इराणची प्रभावक्षेत्रे ठरविली. उत्तर भाग रशियाचा, आग्नेय भाग ब्रिटनचा आणि मधला पट्टा ‘तटस्थ’ असे हे वाटप होते. ज्या देशाची वाटणी झाली, त्याला करारापूर्वी विचारण्यातही आले नव्हते. पुढे अमेरिकन तज्ज्ञ मॉर्गन शुस्टर यांनी देशाचा खजिना सावरण्याचा प्रयत्न आरंभिला, तेव्हा रशियाने निर्वाणीचा खलिता धाडला आणि डिसेंबर १९११ मध्ये मजलिस बंद पडली.

दरम्यान १९०८ मध्ये बख्तियारी जमातीच्या प्रदेशात मस्जिदे-सुलेमान येथे खनिज तेल सापडले. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेतले. ब्रिटिश नौदल कोळशाऐवजी तेलावर चालू लागले होते. त्यामुळे दक्षिण इराणची ‘शांतता’ हा लंडनच्या दृष्टीने युद्धाइतकाच महत्त्वाचा प्रश्न झाला.

येथे हिंदुस्थानचा संबंध ध्यानात घ्यावा. बुशहर बंदरातील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अधिकाराखाली होता. त्यानंतर तो थेट हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत आला. दक्षिण इराणविषयीचे अनेक निर्णय त्यामुळे तेहरानमध्ये न होता दिल्ली-सिमल्यात होत असत.

४.२.२ इल, इलखान आणि राहदारी

मराठीत इंग्रजीतील ‘ट्राइब’ या शब्दासाठी आपण सहज ‘टोळी’ हा शब्द वापरतो. परंतु ‘टोळी’ म्हटले की दरोडेखोरांचीही टोळी आठवते आणि निर्णय आधीच दिला जातो. फारसीतील शब्द ‘इल’ असा आहे. इल म्हणजे अनेक जमातींचा संघ; त्याच्या प्रमुखाला ‘इलखान’ म्हणत. इलखान जमातींतील तंटे सोडवी, कर गोळा करी, कुरणांची वाटणी करी आणि सरकारशी बोलणी करी. म्हणजे इल ही एक राज्यव्यवस्थाच होती. फरक इतकाच की ती चालती-फिरती होती.

फार्स प्रांतातील सर्वांत प्रबळ इल कश्काईंचा होता. हे लोक तुर्की कुळातील भाषा बोलणारे, शिया पंथीय, मेंढ्या-शेळ्या व घोडे बाळगणारे. हिवाळ्यात ते दक्षिणेच्या उष्ण प्रदेशात, म्हणजे ‘गरमसीर’मध्ये असत आणि उन्हाळ्यात उत्तरेच्या थंड डोंगराळ भागात, म्हणजे ‘सरदसीर’मध्ये जात. या दोन शब्दांतील ‘गरम’ व ‘सर्द’ आपल्याही ओळखीचे आहेत. वर्षातून दोनदा शिराझ शहराच्या परिसरातून हे स्थलांतर होई. ही वाट मोकळी असणे हा कश्काईंच्या जगण्याचा पाया होता. वाटेवर लष्करी ठाणे उभे राहणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने दाराशी पहारा बसण्यासारखेच होते.

कश्काईंना शह देण्यासाठी १८६१-६२ मध्ये पाच जमाती एकत्र करून ‘खम्सेह’ हा दुसरा संघ निर्माण करण्यात आला. ‘खम्सेह’चा अर्थच ‘पाचांचा’ असा होतो. त्याचे प्रमुखपद शिराझमधील धनाढ्य कवाम घराण्याकडे देण्यात आले. या संघर्षाची बीजे अशी युद्धाच्या अर्धशतक आधीच पेरली गेली होती.

तिसरा घटक म्हणजे बुशहर ते शिराझ हा व्यापारी मार्ग. समुद्रकाठच्या सपाटीवरून बोराझजान, काझेरून अशा गावांतून अवघड घाट चढत तो पठारावर जातो. वाटेवरील प्रत्येक खान आपल्या हद्दीत काफिल्यांकडून ‘राहदारी’ घेई आणि त्याबदल्यात संरक्षण देई. जुन्या मराठी कागदपत्रांतूनही ‘राहदारी’ हा शब्द याच अर्थाने आढळतो. ब्रिटिश व्यापाऱ्यांना ही वसुली खंडणी वाटे. खानांना ती आपल्या हद्दीवरील हक्काची खूण वाटे. एकाच व्यवहाराची ही दोन नावे लक्षात ठेवावीत. पुढील घटना समजण्यास त्यांचा उपयोग होईल.

४.२.३ तटस्थता आणि तिचा भंग

तटस्थता घोषणेने टिकत नाही. ती राखण्यासाठी सैन्य व पैसा लागतो. १९१४ मध्ये इराणजवळ यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. वायव्येकडील अझरबैजान प्रांतात रशियन सैन्य युद्धापूर्वीपासूनच तळ देऊन होते. जानेवारी १९१५ मध्ये तुर्कांनी तब्रीझ घेतले आणि त्याच महिन्यात रशियनांनी ते परत जिंकले. दक्षिणेत फेब्रुवारी १९१५ मध्ये अहवाझजवळ तेलवाहिनी तोडण्यात आली. मार्च १९१५ मध्ये ब्रिटन व रशिया यांनी गुप्त समझोता केला. त्यानुसार १९०७ च्या करारातील ‘तटस्थ’ पट्टाही बहुतांशी ब्रिटनच्या वाट्याला आला.

दुसऱ्या बाजूने तुर्कस्तानच्या सुलतानाने नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारला आणि नजफ व करबला येथील शिया धर्मपंडितांनीही रशिया-ब्रिटनविरुद्ध फतवे दिले. जर्मनीने इराणमार्गे अफगाणिस्तान व हिंदुस्थानात असंतोष पेटविण्याची योजना आखली. ज्या इराणी सुशिक्षितांना दोन शेजारी साम्राज्यांनी मजलिस मोडल्याचे शल्य होते, त्यांना दूरची जर्मनी मित्र वाटली, यात नवल नाही.

नोव्हेंबर १९१५ मध्ये रशियन फौजा तेहरानच्या रोखाने निघाल्या, तेव्हा मजलिसचे अनेक सदस्य राजधानी सोडून कोम येथे गेले व त्यांनी राष्ट्रीय संरक्षण समिती स्थापन केली. पुढे पश्चिमेकडील केरमानशाह येथे हंगामी सरकारही उभे राहिले. तरुण अहमद शाह मात्र तेहरानमध्येच राहिला. एका देशाची अशी दोन सरकारे झाल्यावर ‘सरकारशी निष्ठा’ या शब्दांचा अर्थच संदिग्ध झाला.

४.२.४ बुशहर आणि तंगिस्तान : १९१५

बुशहर येथे पूर्वी जर्मन वाणिज्यदूत असलेला विल्हेल्म वास्मुस १९१५ च्या आरंभी दक्षिण इराणात परतला. स्थानिक पोशाख व भाषा आत्मसात करून तो किनाऱ्यामागील तंगिस्तान भागातील खानांमध्ये मिसळला. मार्चमध्ये ब्रिटिशांनी बुशहरच्या तत्कालीन जर्मन वाणिज्यदूताला तटस्थ देशाच्या भूमीवर अटक करून हिंदुस्थानात पाठविले. जुलैमध्ये तंगिस्तानी सैनिकांनी बुशहरच्या वेशीवर हल्ला केला आणि त्यात दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले.

याला उत्तर म्हणून ८ ऑगस्ट १९१५ रोजी ब्रिटिशांनी बुशहर ताब्यात घेतले. इराणी टपाल तिकिटांवर ‘बुशहर – ब्रिटिश ताब्याखाली’ या अर्थाचा इंग्रजी मजकूर छापून ती चालविण्यात आली. तटस्थतेची खरी किंमत काय होती, हे या लहानशा तिकिटावरून कळते. त्याच महिन्यात किनाऱ्यावरील दिल्वार या गावावर नौदलाच्या मदतीने हल्ला झाला. तेथील प्रमुख रईस अली दिल्वारी याने प्रतिकार चालू ठेवला. सप्टेंबरमध्ये तो मारला गेला. आज इराणमध्ये तो राष्ट्रीय वीर मानला जातो.

१० नोव्हेंबर रोजी शिराझमध्ये स्वीडिश अधिकाऱ्यांनी घडविलेल्या जाँदार्मरी दलातील राष्ट्रवाद्यांनी ब्रिटिश वाणिज्यदूत फ्रेडरिक ओकॉनर आणि तेथील इतर ब्रिटिशांना अटक केली. पुरुषांना तंगिस्तानातील अहराम येथे ठेवण्यात आले. ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील कैद्यांच्या बदल्यात त्यांची सुटका झाली. शिराझमधील ही घटना भटक्या जमातींनी नव्हे, तर शहरी व शासकीय सेवेतील लोकांनी घडवून आणली होती, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

४.२.५ दक्षिण पर्शिया रायफल्स

या घटनांनंतर ब्रिटिशांनी स्वतःचे दल उभारण्याचे ठरविले. मार्च १९१६ मध्ये पर्सी साइक्स हे अधिकारी बंदर अब्बास येथे उतरले. बुशहर-शिराझ हा जवळचा मार्ग विरोधी खानांच्या हाती असल्याने केरमान, यझ्द, इस्फहान असा लांबचा वळसा घेऊन ते नोव्हेंबरमध्ये शिराझला पोहोचले. शिपाई इराणी आणि वरिष्ठ अधिकारी ब्रिटिश अशी ‘साउथ पर्शिया रायफल्स’ या दलाची रचना होती. सोबत हिंदी पलटणीही होत्या. १९१७ च्या अखेरीस या दलाची संख्या सुमारे आठ हजार झाली.

दलाचा उद्देश मार्ग सुरक्षित करणे हा होता. मात्र मार्ग सुरक्षित करणे म्हणजे खानांची राहदारी बंद करणे, ठाणी उभारणे आणि स्थलांतराच्या वाटेवर नजर ठेवणे. शिवाय सैन्यासाठी होणाऱ्या धान्यखरेदीने टंचाईच्या काळात भाव आणखी चढले. खम्सेहचे कवाम घराणे ब्रिटिशांच्या शस्त्रसाहाय्याने सत्तेवर परतले होते. त्यामुळे कश्काईंच्या नजरेत हे दल प्रतिस्पर्ध्याचा पाठीराखाही होते. अशांतता शमविण्यासाठी निर्माण केलेले साधनच अशांततेचे नवे कारण बनले, असे म्हणावे लागते.

तथापि संघर्ष अटळ होता असेही नाही. कश्काईंचा इलखान इस्माईल खान सौलत-उद्-दौला आणि साइक्स यांच्यात १९१७ मध्ये समझोता झाला होता. आपले स्थान मान्य केले जात असेल, तर तडजोडीस इलखान तयार होता, हे यावरून दिसते.

४.२.६ १९१८ चा उठाव

१९१७ मधील रशियन राज्यक्रांतीनंतर उत्तरेतील रशियन सैन्य विस्कळीत झाले. तेहरानमध्ये आशा निर्माण झाली की आता ब्रिटिशांनाही माघारी धाडता येईल. १९१८ च्या वसंत ऋतूत इराणी सरकारने दक्षिण पर्शिया रायफल्स हे परकीय दल असल्याचे जाहीर केले. या घोषणेचा परिणाम दलातील इराणी शिपायांवर झाला. आपण कोणाचे शिपाई आहोत, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला आणि अनेकांनी दल सोडले.

मे १९१८ मध्ये शिराझच्या पश्चिमेकडील खाने-झेनियान ठाण्याजवळच्या एका स्थानिक चकमकीने ठिणगी पडली. सौलत-उद्-दौलाने युद्ध पुकारले. काझेरूनचा नासेर दीवान व त्याचे लोक त्याला मिळाले. खाने-झेनियान येथील इराणी शिपायांनी आपल्याच ब्रिटिश अधिकाऱ्याला ठार करून ठाणे कश्काईंच्या स्वाधीन केले. शिराझला वेढा पडला. शहरातही ब्रिटिशविरोधी वातावरण तापले. संरक्षणाचा मुख्य भार हिंदी सैनिकांवर पडला.

लढाईबरोबर राजकारणही झाले. प्रांताचा सुभेदार फर्मानफर्मा याने सौलतला पदच्युत करून त्याच्या सावत्र भावाला इलखान नेमले. कवामचे खम्सेह लोक ब्रिटिशांच्या बाजूने उतरले. कश्काईंतील काही गट फुटले आणि जुलैपर्यंत उठावाचा जोर ओसरला.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. आधीच्या दुष्काळाने खंगलेल्या लोकांना ती सोसवली नाही. साइक्स यांच्या अंदाजानुसार शिराझच्या सुमारे पन्नास हजार रहिवाशांपैकी दहा हजार दगावले. तटस्थ राहू पाहणाऱ्या देशाने दिलेली ही किंमत युद्धाच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते.

४.२.७ एक मराठी दुवा

या रणभूमीवर हिंदी माणसे दोन्ही बाजूंनी होती. एकीकडे ब्रिटिशांच्या हिंदी पलटणी होत्या, तर दुसरीकडे हिंदी क्रांतिकारक होते. सूफी अंबाप्रसाद शिराझमध्ये राहून ब्रिटिशविरोधी कार्य करीत होते. १९१७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. वर्धा येथे जन्मलेले गदर पक्षाचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हेही युद्धकाळात इराणात आले आणि दक्षिणेतील ब्रिटिशविरोधी लढ्यात सहभागी झाले. पुढे ते मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. खानखोजे यांच्या दृष्टीने कश्काईंचा लढा हा हिंदुस्थानच्या मुक्तीचा एक मार्ग होता. कश्काईंच्या दृष्टीने तो तसा होता काय? या प्रश्नाचे उत्तर पुढील विवेचनात शोधावे.

४.२.८ उठावाचा अर्थ कसा लावावा?

या उठावांची सामान्यतः तीन स्पष्टीकरणे दिली जातात.

पहिले, हे सारे जर्मन पैशाने घडले. वास्मुसने पैसा व वचने दिली, हे खरे. परंतु सर्वांत मोठा उठाव १९१८ मध्ये झाला, तेव्हा इराणमधील जर्मन मोहीम जवळजवळ संपुष्टात आली होती. केवळ पैसा हेच कारण असते, तर पैसा आटल्यावर उठावही आटला असता.

दुसरे, भटक्यांचा स्वभावच लुटारू. काफिले लुटले गेले, हेही खरे. परंतु १९१८ मधील लक्ष्य लष्करी ठाणी होती आणि शहरातील लोकांची सहानुभूती उठावाला होती. शिवाय लूट कशाला म्हणावे व राहदारी कशाला, हे सांगणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून होते.

तिसरे, हे राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध होते. नंतरच्या इराणी लेखनात हा सूर आढळतो. परंतु खम्सेह ब्रिटिशांसोबत होते, बख्तियारी खानांना तेलाच्या उत्पन्नात हिस्सा होता आणि सौलतचा भाऊच त्याच्या जागी बसला. सर्व इराणी एका बाजूला व सर्व परके दुसऱ्या बाजूला, असे चित्र नव्हते.

म्हणून अधिक समाधानकारक उत्तर असे देता येईल : वाट, कुरण, राहदारी आणि नेतृत्व या प्रश्नांवरून चालत आलेले स्थानिक तंटे जुनेच होते. पूर्वी ते तडजोडीने, लाचेने किंवा छोट्या चकमकींनी मिटत. परकीय सत्तांनी प्रत्येक तंट्यात एका पक्षाला बंदुका आणि पैसा पुरविला. त्याच वेळी तंटा मिटवू शकणारे केंद्र सरकार पंगू करून टाकले. त्यामुळे घरगुती भांडणाला महायुद्धाचे रूप आले. परकीय सत्तेविरुद्धचा राग खरा होता. मात्र तो प्रत्येकाच्या स्वतःच्या हिताच्या वाटेने प्रकट झाला.

४.२.९ परिणाम

ऑगस्ट १९१९ मध्ये ब्रिटनने इराणशी करार करून सैन्य व अर्थखाते आपल्या सल्लागारांच्या हाती आणू पाहिले. मजलिसने त्यास कधीच मान्यता दिली नाही. १९२१ मध्ये दक्षिण पर्शिया रायफल्स विसर्जित झाले. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला कोसॅक दलातील रझा खानने तेहरान ताब्यात घेतले. १९२५ मध्ये तो शाह झाला. युद्धकाळातील विघटनाचा त्याने काढलेला निष्कर्ष असा, की इलांची शक्ती मोडल्याशिवाय राष्ट्र उभे राहणार नाही. भटक्यांना निःशस्त्र करून सक्तीने स्थायिक करण्यात आले. त्यात त्यांचे कळप व जीवनक्रम उद्ध्वस्त झाले. सौलत-उद्-दौला १९३३ मध्ये तेहरानच्या कैदेत मरण पावला. परक्यांशी लढलेल्याला स्वकीयांच्या राज्यात मिळालेला हा शेवट विचार करण्यासारखा आहे.

वास्मुस १९२४ मध्ये परत आला आणि खानांना दिलेली वचने फेडण्यासाठी त्याने त्या भागात जमीन घेऊन शेती केली. ती साधली नाही. १९३१ मध्ये तो निवर्तला. साम्राज्यांनी दिलेल्या वचनांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

४.३ सारांश

इराण कायद्याने स्वतंत्र, पण व्यवहारात परकीय प्रभावाखालील देश होता. सैन्य व पैसा नसल्याने त्याची तटस्थता टिकली नाही. दक्षिणेतील इलांचे स्थानिक प्रश्न व महायुद्धाचे राजकारण एकमेकांत गुंतले आणि १९१५ व १९१८ मध्ये उठाव झाले. या उठावांना केवळ जर्मन कारस्थान, केवळ लूट किंवा केवळ राष्ट्रयुद्ध म्हणणे अपुरे ठरते. युद्धानंतर बलवान झालेल्या केंद्रसत्तेने इलांचेच दमन केले.

४.४ पारिभाषिक शब्द

इल : अनेक जमातींचा संघ.
इलखान : इलाचा प्रमुख.
राहदारी : हद्दीतून जाणाऱ्या काफिल्यांकडून घेतलेला कर.
गरमसीर / सरदसीर : हिवाळी व उन्हाळी कुरणांचे प्रदेश.
मजलिस : इराणमधील लोकप्रतिनिधींची सभा.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १९०७ च्या करारामुळे इराणच्या सार्वभौमत्वावर कोणता परिणाम झाला?
२. बुशहर-शिराझ मार्गावरील राहदारीविषयी खान व ब्रिटिश यांच्या भूमिका कशा भिन्न होत्या?
३. ‘दक्षिण पर्शिया रायफल्स हे अशांततेवरील उपायही होते व कारणही होते.’ या विधानाची चर्चा करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या ‘बंडा’ची हकिकत वडीलधाऱ्यांकडून ऐका. ती सांगताना कोणते शब्द वापरले जातात, व त्यांतून कोणाची बाजू व्यक्त होते, हे सुमारे २०० शब्दांत लिहा.